मस्यू जुर्दँच्या बाजूने

पन्नाशी उलटल्यावर आम्ही दोघे बॉलरूम नृत्याच्या शिकवणीला जाऊ लागलो, ही आमची खाजगी बाब आहे अशी आमची समजूत होती. ती चुकीची ठरली. बातमी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये पोचली, आणि गेल्या आठ महिन्यांत आम्हांला जे ऐकावे लागले त्यावरून असे दिसते की साहित्याच्या अध्यापकांनी बावन्नाव्या वर्षी वॉल्ट्झ शिकावा की नाही, हा मोठ्या सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न आहे. मराठीत अशा वर्तनासाठी एक तयार शब्दही आहे : म्हातारचळ. तो आमच्या तोंडावर कोणी उच्चारला नाही. सुसंस्कृत माणसे असे शब्द उच्चारीत नाहीत. ती नुसती हसतात. प्रस्तुत लेख त्या हसण्याविषयी आहे.

या हसण्याची कारणे निरनिराळी सांगितली गेली. एक कारण असे की हे 'आपले' नव्हे. आमच्यापैकी एक मराठी शिकवतो, एक इंग्रजी शिकवते. आणि हा आक्षेप प्रामुख्याने मराठीच्या बाजूने आला, याचे आम्हांला अधिक नवल वाटले. केशवसुतांनी सुनीत आणले, हरिभाऊंनी कादंबरी रुजवली, मुक्तछंदाला आपण आता परका म्हणत नाही. ज्यांचा उभा जन्म या आयात वस्तूंवर प्रश्नपत्रिका काढण्यात गेला त्यांना पायांच्या बाबतीतच स्वदेशी का आठवावी? शिवाय 'आपले' म्हणजे कोणाचे? गोव्याच्या ख्रिस्ती समाजात एकोणिसाव्या शतकापासून मांडो आहे. स्त्रीपुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, संथ लय, कोकणी शब्द. त्या समाजातील लग्नांत वधूवरांचा पहिला वॉल्ट्झ ही आज कित्येक पिढ्यांची रीत आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात फॉक्सट्रॉट वाजवणारे अनेक वादक गोव्याचे होते, आणि त्यांच्यापैकी काहींनीच पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हा इतिहास आला आहे. ज्यांना 'आपल्या' या शब्दातून ही सगळी माणसे वगळायची असतील त्यांनी तसे स्पष्ट म्हणावे. नृत्याच्या आडून म्हणू नये.

दुसरे, आमची बाजू घेणारे लोक. यांचा त्रास अधिक. 'चांगलेच आहे, या वयात व्यायाम हवाच,' असे ते म्हणतात, आणि 2003 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा दाखला देतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या 469 व्यक्तींची ती पाहणी होती, आणि त्यात नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले होते. पाहणी खरी आहे. (नृत्यामुळे स्मृती टिकली की स्मृती टिकलेले लोक नाचत राहिले, हे अशा पाहणीतून पुरते ठरत नाही, एवढे तरी सांगणाऱ्यांनी सांगावे.) पण कविता वाचल्याने रक्तदाब उतरतो असे कोणी म्हटले तर आपण साहित्याचे लोक त्याच्याकडे ज्या नजरेने पाहू, तीच नजर आम्हांला इथे योग्य वाटते. आम्ही औषध घ्यायला गेलो नव्हतो. आम्हांला नाचता येत नव्हते आणि यावे असे वाटत होते.

खरा आक्षेप तिसराच आहे. तो आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, हसता हसता, अत्यंत प्रेमाने बोलून दाखवला. ते म्हणाले, 'अहो, नाच अंगात असावा लागतो. हे संस्कार लहानपणीच व्हावे लागतात.' बाकीच्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली असेल. घरी परतताना मात्र या वाक्याने आम्हांला सोडले नाही. कारण ते आमच्या ओळखीचे होते. आम्हीच ते पंचवीस वर्षे बोलत आलो होतो, नाचाविषयी नव्हे, विद्यार्थ्यांविषयी. त्याकडे पुढे येऊ.

प्रौढ वयात नाच शिकणाऱ्या माणसाला हसण्याचा पाया युरोपीय साहित्यात फार भक्कम आहे. 1670 साली शाँबोरच्या राजवाड्यात मोलिएरचे 'ल बुर्ज्वा जाँतियोम' प्रथम झाले. कापडाच्या व्यापारातून श्रीमंत झालेला मस्यू जुर्दँ चाळिशीनंतर 'खानदानी' होऊ पाहतो. संगीत, तलवारबाजी, तत्त्वज्ञान आणि नृत्य यांच्यासाठी शिक्षक ठेवतो. नृत्यशिक्षक त्याला मिन्युएटची पावले टाकायला लावतो, तोंडाने चाल म्हणत मध्येच बजावतो की खांदे हलवू नका, मान वर करा, पायाचे चवडे बाहेर वळवा. प्रेक्षक हसतात. आपण सगळेच हसलो आहोत. आपण जन्मभर गद्य बोलत होतो, हा जुर्दँचा शोध तर आपण वर्गात हमखास टाळी घेण्यासाठी वापरतो.

आता त्या पहिल्या प्रयोगाच्या पुढच्या रांगेकडे पाहू. तिथे चौदावा लुई बसला आहे. तो स्वतः नामांकित नर्तक; 1653 साली, चौदा वर्षांचा असताना, 'रात्रीच्या बॅले'त तो उगवत्या सूर्याच्या वेषात नाचला होता. नृत्यशिक्षक पिएर बोशाँ याच्याकडून त्याने वर्षानुवर्षे धडे घेतले. आणि मोलिएरच्या या नाटकातली नृत्ये कोणी बसवली? त्याच बोशाँने. म्हणजे शिक्षक एक, शिकवणी एक. राजा शिकला ते लालित्य. व्यापारी शिकतो तो विनोद. फरक एवढाच की राजाची शिकवणी पाळण्यापासून सुरू झाली, म्हणून ती शिकवणी म्हणून दिसत नाही. जुर्दँची दिसते. त्याचा गुन्हा नाच न येण्याचा नाही. शिकताना दिसण्याचा आहे.

हा मुद्दा एकदा लक्षात आला की आवडती पुस्तकेही वेगळी दिसू लागतात. 'युद्ध आणि शांती'मधील नताशाचे ते नृत्य आठवावे. शिकार आटोपून मंडळी काकांच्या खेड्यातल्या घरी बसली आहेत, गिटार वाजते आहे, आणि फ्रेंच बाईच्या हाताखाली वाढलेली ही सरदारकन्या अस्सल रशियन लोकनृत्य करते. कोणी न शिकवता. तोल्स्तोय स्वतःच थक्क होऊन विचारतो की हे हिच्यात आले कुठून. आणि उत्तर सुचवतो की ते रशियाच्या हवेतून, मातीतून आले. हा उतारा अप्रतिम आहे, आम्ही तो कितीदा तरी शिकवला आहे. पण त्याच कादंबरीत, बऱ्याच आधी, मॉस्कोतल्या योगेल नावाच्या नृत्यशिक्षकाच्या बॉलचे एक प्रकरण आहे. नुकतीच शिकलेली पावले तिथे मुलेमुली टाकतात, आणि त्यांत नताशा आहे. पहिल्यांदाच लांब झगा घालून आली आहे. योगेलचे ते प्रकरण परीक्षेला येत नाही. आपण पान उलटतो. शिकवणीची पाने उलटून 'हवेतून आले' म्हणणे, ही केवळ तोल्स्तोयची लकब नाही. ती सुसंस्कृत वर्गाची जुनी सवय आहे.

फ्लोबेर तेवढा प्रामाणिक वाटतो. व्होब्येसारच्या बॉलमध्ये एम्मा बोव्हारीला वॉल्ट्झ येत नाही, हे तो सरळ सांगतो. उमराव तिला नेतो, तिचा झगा त्याच्या विजारीत अडकतो, शेवटी ती गरगरून भिंतीला टेकते. मराठीत याला आपण 'रोमँटिक' दृश्य म्हणून शिकवतो. आमच्या आताच्या मते ती पहिल्या दिवशीच्या विद्यार्थिनीची अत्यंत अचूक नोंद आहे. आम्हांला भिंत सापडली नाही, खुर्ची सापडली.

पिएर बुर्दिऊने 1979 च्या 'ला दिस्तँक्स्यों' या ग्रंथात या साऱ्याला सिद्धांताचे रूप दिले आहे. घरात, नकळत, लहानपणी मुरलेली संस्कृती आणि पुढे पद्धतशीर, कष्टाने मिळवलेली संस्कृती यांत समाज भेद करतो. पहिलीला 'सहजता' म्हणतो, दुसरीला 'घोकंपट्टी'. आणि जे वारशाने आले ते निसर्गदत्त समजतो. आमच्या विद्यापीठीय वर्तुळात बुर्दिऊची अवतरणे परिसंवादांत सर्रास ऐकू येतात. तीच माणसे चहाच्या सुट्टीत म्हणतात, 'नाच अंगात असावा लागतो.'

म्हणून ज्या गोष्टीची टवाळी होते तिचाच थोडा इतिहास सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. आज शिकवले जाते ते बॉलरूम नृत्य दरबारांतून थेट आलेले नाही. त्याची घडण पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये झाली. 1919 साली लंडनमध्ये हॅमरस्मिथ पॅले हे नाचघर उघडले. अशा नाचघरांत कारकून, टंकलेखिका, दुकानांतल्या मुली, कामगार तिकीट काढून येऊ लागले. त्यांना घरी नृत्यशिक्षक ठेवणे शक्य नव्हते. 1904 मध्ये स्थापन झालेल्या नृत्यशिक्षकांच्या इंपीरियल सोसायटीने 1924 साली बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली आणि पावलांचे प्रमाणीकरण सुरू केले. 1927 मध्ये व्हिक्टर सिल्व्हेस्टरचे आणि 1936 मध्ये ॲलेक्स मूरचे पाठ्यपुस्तक आले. अशा पाठ्यपुस्तकांत काय असते? कोणत्या मात्रेला कोणता पाय, टाच आधी की चवडा, किती अंशांनी वळायचे, अंग कधी उचलायचे आणि कधी खाली आणायचे. वाचायला हे एखाद्या सूत्रग्रंथाइतके रुक्ष. पण या रुक्षपणाचा अर्थ पाहावा : जे 'अंगात असावे लागते' ते कागदावर उतरवता येते, आणि जे कागदावर उतरते ते ज्याच्या घरात नव्हते त्यालाही शिकता येते.

यात मोठे नुकसानही झाले, ते लपवण्याचे कारण नाही. टँगो ब्युनोस आयर्स आणि माँतेव्हिदेओच्या बंदरवस्त्यांतला, रुंबा क्यूबाच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतला, सांबा ब्राझीलचा. इंग्रज शिक्षकांनी ते आपल्या इस्त्रीखाली घातले आणि दहा नृत्यांच्या यादीत बसवले. त्या प्रमाणित टँगोत ब्युनोस आयर्सचा माणूस आपला टँगो सहजी ओळखणार नाही. बरे, ज्यांच्या नाचावर ही घरे चालली त्यांच्यासाठी ती नेहमी उघडी होती असेही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश नाचघरांत काळ्या माणसांना मज्जाव होता. प्रमाणीकरणाची ही दोन्ही तोंडे मराठीच्या अध्यापकाला तरी परकी वाटू नयेत. प्रमाणभाषेने बोलींचे काय केले हे आपण जाणतो. आणि तिचे व्याकरण छापले गेले म्हणूनच ती ज्यांच्या घरात नव्हती त्यांना शिकता आली, हेही जाणतो.

आता प्रत्यक्ष शिकवणीविषयी. उपनगरातल्या एका जिमखान्याच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात. शिक्षक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, बारावीनंतर शिक्षण सोडलेला. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आम्ही जन्मभर वापरली. पहिल्याच दिवशी कळले की अंगण खरोखरच वाकडे असू शकते. फरशीवर रबरी तळव्याचा बूट चिकटतो, वळताना पाऊल मागे राहते आणि गुडघा पुढे जातो. त्यासाठी मऊ कातड्याच्या तळव्याचे बूट लागतात. हे आम्हांला दोन आठवडे गुडघे दुखल्यावर सांगण्यात आले.

संथ वॉल्ट्झ मिनिटाला सुमारे 28 ते 30 आवर्तनांचा असतो. तीन मात्रांचे एक आवर्तन धरले तर एका पावलाला पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. पुरुषाने डावा पाय पुढे टाकायचा, उजवा बाजूला, डावा उजव्याशी जुळवायचा. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा डाव्याशी. जमिनीवर एक चौकोन होतो. हे वाचायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा कमी वेळात समजते, आणि करायला आम्हांला पाच आठवडे लागले. समजणे आणि येणे यांत एवढे अंतर असते हे आम्ही विसरून गेलो होतो. आमच्या धंद्यात समजले की आले असे मानण्याची प्रथा आहे.

आमच्यापैकी एकजण लहानपणी दोन वर्षे तबला शिकलेला. चौथ्या आठवड्यात त्याला एकाएकी जाणवले की हा चौकोन म्हणजे दादरा आहे. सहा पावले, तीन-तीनचे दोन भाग. समेवर डावा पाय पडतो आणि खालीच्या जागी उजवा. तीन हा विषम आकडा असल्यामुळे प्रत्येक आवर्तनाची सुरुवात आलटून पालटून दुसऱ्या पायावर येते, आणि नवशिक्याचा सारा गोंधळ तिथेच होतो. त्याचे शरीर दर वेळी उजव्याच पायाने निघू पाहते. दादऱ्याचे बोल मनात म्हणताच पाय सुटले. या साम्याने फार हुरळून जाण्याचे कारण नाही. वॉल्ट्झमध्ये खाली नसते. शिवाय पहिल्या मात्रेअखेर अंग हळूहळू उचलायचे आणि तिसरीच्या शेवटी खाली आणायचे, हे दादरा कोणी शिकवत नाही. 'हे सगळे आपल्याकडे होतेच' म्हणणाऱ्यांच्या हाती आम्ही आणखी एक दाखला देऊ इच्छित नाही. सांगायचे ते इतकेच की जो ठेका कानात होता त्याच्या आधाराने पाय चालले. ज्याच्या कानात कोणताच ठेका नसेल त्याने काय करावे?

हा प्रश्न आम्ही साहित्याच्या वर्गात कधी विचारला नव्हता. 'लय' हा शब्द आम्ही किती वापरला असेल! मर्ढेकरांची लयतत्त्वे, म्हणजे संवाद, विरोध, समतोल, आमच्यापैकी एकाने पंचवीस वर्षे फळ्यावर लिहिली. मर्ढेकरांचा यात दोष नाही. त्यांची लय कलाकृतीतील घटकांच्या नात्यांची आहे, पायांची नव्हे. दोष आमचा, की तो शब्द उच्चारताना आमच्या शरीरात काहीही हलत नव्हते. वृत्ते शिकवतानाही तेच. भुजंगप्रयात : बारा अक्षरे, चार वेळा 'य' गण. मुले वहीत लघुगुरूच्या खुणा करतात, गण पाडतात, गुण मिळवतात. उभे राहून म्हणा, असे आम्ही क्वचितच सांगितले. ज्या घरांत मनाचे श्लोक म्हटले जातात त्या घरांतली मुले खुणा करण्याआधीच वृत्त ओळखतात. त्यांना आम्ही 'जाण असलेली' म्हणतो. ज्यांच्या घरी ते नव्हते त्यांना 'कच्ची'.

अशाच एका मुलाविषयी इथे लिहिणे भाग आहे. दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा. कविता मोठ्याने वाचायला सांगितली की अडखळे. यती चुकवी, शब्द भलत्या ठिकाणी तोडी. वर्ग हसे. आम्ही हसणाऱ्यांना दटावले, पण त्याला पुन्हा वाचायला सांगितले नाही. आपण दया दाखवतो आहोत असे आम्हांला वाटले. स्टाफरूममध्ये आम्ही म्हणालो, 'कानावर काही पडलेलेच नाही हो, आता या वयात काय होणार?' वय एकोणीस. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, निरोपाच्या दिवशी, त्याने गप्पांच्या ओघात सांगितले की गावच्या भजनात तो मृदंग वाजवतो. पुढे त्याने एम.ए. केले ते इतिहासात.

मृदंग वाजवत होता म्हणजे त्याच्यात लय 'होतीच', अशी समजूत घालून घेणे सोपे आहे. ती आम्ही घालून घेणार नाही. समजा, त्याने काहीच वाजवले नसते. त्याच्या घरात भजन, ओवी, श्लोक यांतले काहीही नसते. तरी शिकवणे हेच आमचे काम होते. जोतीराव फुल्यांनी 1855 साली कामकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा 'या वयात काय होणार' हा प्रश्न त्यांनी विचारला असता तर? आम्ही त्यांच्यावर व्याख्याने देतो.

आमचा नृत्यशिक्षक आमच्याशी असा वागला नाही. त्याने आमच्यावर दया केली नाही. 'सर, पायांकडे बघू नका, पाय कुठे जात नाहीत. पुन्हा.' हे 'पुन्हा' आम्ही एका संध्याकाळी तीसचाळीस वेळा ऐकले. एकदा तो म्हणाला, 'मॅडम, तुम्हांला समजलंय म्हणून तुम्ही ऐकत नाही.' पंचवीस वर्षांत आम्हांला कोणी इतके नेमके झापले नव्हते. आमची नक्कल करून दाखवली नाही, 'छान, छान' म्हटले नाही, तुमच्या अंगातच नाही असेही म्हटले नाही. चूक कुठे होते ते दाखवले : वजन पुरते दुसऱ्या पायावर गेलेले नसते, म्हणून पुढचा पाय मोकळा नसतो. निदान एवढे नेमके असले तर अपमान होत नाही. आम्ही उत्तरपत्रिकांवर 'आशय स्पष्ट नाही' असे लिहितो.

लाज मात्र वाटते, ती नाकारण्यात अर्थ नाही. हॉलच्या एका भिंतीला पूर्ण आरसा आहे. क्लाइस्टच्या 1810 सालच्या कठपुतळीनाट्यावरील निबंधात एका देखण्या तरुणाची हकिकत आहे; आपली ठेवण एका शिल्पासारखी दिसते हे त्याला आरशात कळते, तो ती मुद्दाम पुन्हा करू पाहतो आणि त्याचे सगळे लालित्य हरपते. जाणिवेने सहजता मरते, असे या निबंधावरून आपण शिकवतो. आरशासमोर आम्हांला तेवढी चिंता नव्हती, कारण हरपण्यासारखे लालित्य आमच्याकडे नव्हतेच. आमच्यासाठी जाणीव हीच एकमेव वाट होती. मासायुकी सुओच्या 1996 सालच्या 'शॅल वी डान्स?' या जपानी चित्रपटातला हिशेबनीस बायकोपासून लपवून शिकवणीला जातो आणि कचेरीत टेबलाखाली पावले घोकतो. ती टेबलाखालची पावले आम्हांला फार खरी वाटली. याउलट 'झलक दिखला जा'सारख्या कार्यक्रमांत आठवडाभराची तालीम दोन मिनिटांच्या अश्रूंत संपते, आणि तारा रंगमंचावर येतो तो तयार. योगेलचे पान तिथेही उलटलेलेच असते.

एका तरुण सहकारी बाईंचा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यांचे म्हणणे, या नाचात पुरुष नेतो आणि स्त्री मागे जाते. हे स्त्रीवादी अध्यापिकेला शोभते का? रचना तशीच आहे, यात शंका नाही. आमच्यापैकी जी मागे जाते तिचे उत्तर असे की 'मागे जाणे' म्हणजे ओढले जाणे नव्हे; स्वतःचे वजन स्वतः न पेलणाऱ्या जोडीदाराला कोणी नेऊच शकत नाही. ते उत्तर तिला स्वतःलाही पुरेसे वाटत नाही. सहाव्या महिन्यापासून आम्ही शिक्षकाला सांगून भूमिका बदलून पाहतो आहोत. नेणे किती अवघड आहे हे तिला कळले. मागे जाताना न पाहता विश्वास ठेवणे किती अवघड आहे हे त्याला कळले, आणि ते त्याला अजिबात जमत नाही. प्रश्न सुटलेला नाही.

शिवाय आमच्या बाजूतला एक उणेपणा सांगितलाच पाहिजे. आमच्या त्या विद्यार्थ्याला ही शिकवणी परवडली नसती. पन्नाशीत नवशिके होण्याची चैन आम्ही करू शकतो, कारण आमच्या पगाराला, हुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. जुर्दँलाही पैशांची कमतरता नव्हती. चुकणे ज्याला महाग पडते असा नवशिका आमच्या वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बसलेला असतो.

झेनोफोनच्या 'सिंपोझियम'मध्ये एक प्रसंग आहे. मेजवानीत एका मुलाचे नृत्य पाहून सॉक्रेटिस म्हणतो की मलाही ही पावले शिकायची आहेत. सगळे हसतात. तो अगदी गंभीरपणे विचारतो, हसता कशाला? मग खार्मिदीस सांगतो की एकदा पहाटे त्याने सॉक्रेटिसला घरी एकटाच नाचताना पाहिले. आधी वाटले याला वेड लागले. पण त्याचे म्हणणे ऐकून खार्मिदीस घरी गेला, आणि नाच तर येत नव्हता, म्हणून नुसते हात हलवत बसला. प्लेटोचे संवाद आम्ही शिकवतो. झेनोफोनचा हा संवाद अभ्यासक्रमात नाही.

गेल्या जूनपासून आमच्या मराठीच्या वर्गात वृत्ते उभे राहून म्हटली जातात. जो अडखळतो त्याने पुन्हा म्हणायचे. एक मुलगी आठव्यांदा म्हणताना रडू लागली. आम्ही थांबलो, ते बरोबर केले की चूक, याविषयी आम्हां दोघांत अजून एकमत नाही. नवव्यांदा तिने दुसऱ्या दिवशी म्हटले. ज्येष्ठ सहकारी दारावरून जाताना आत डोकावले आणि हसले. शुक्रवारी आम्हांला उजवीकडचे वळण आहे, त्यात डावा पाय अजून उशिरा जुळतो.